मातीची साक्ष



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले मास्तर गणित शिकवीत असत. परंतु त्यांची खरी शिकवण उत्तराच्या पलीकडची होती. गणित मांडण्यापूर्वी उत्तराचा अदमास सांगावा आणि मग मांडणी करावी, असा त्यांचा दंडक होता. अदमास आणि उत्तर यांत मोठी तफावत निघाली, तर दोहोंपैकी एक चूक आहे हे ओळखावे. पुढे ज्या शास्त्रात माझे आयुष्य गेले, त्या मृदायांत्रिकीत हाच दंडक पदोपदी उपयोगी पडला. म्हणून आजचे निमंत्रण मी ऋणभावनेने स्वीकारले.

या शाळेत आपण मराठीतून शिकलो, मैदानावर कन्नडमधून भांडलो आणि नोकरीधंद्यासाठी दूरदेशी गेलो. सरकारी दप्तरात २०१४ पासून आपल्या गावाचे नाव हुब्बळ्ळी झाले असले, तरी या सभागृहात मी हुबळी म्हटले तर कोणी रागावणार नाही. धरणे, पूल आणि बोगदे यांच्या जागांवर जमिनीची परीक्षा करणे, हा माझा व्यवसाय. सेवानिवृत्तीनंतर गावी परतल्यावर येथील काही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या एका उपक्रमात मी बिनपगारी सल्लागार म्हणून काम केले. हे विद्यार्थी एक छोटा बोगदा खणू पाहत होते. आज त्या कामाची हकीकत आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न आपणांपुढे ठेवायचा आहे. ज्याला पगार नाही, अधिकार नाही आणि ज्याच्यावर कोणाची सक्ती नाही, अशा माणसाने तरुणांच्या उत्साहाला 'थांबा' म्हणावे काय, हा तो प्रश्न होय.

१. आपल्या पायाखालची भूमी

आपल्या जोडशहराचे नाव भूशास्त्राच्या जगात फार मोठे आहे, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसेल. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतील प्राचीन खडकांच्या एका समूहास 'धारवाड' हे नाव दिले. २५० कोटी वर्षांहून जुने असे हे खडक. आणि आज जगातील कोणत्याही विद्यापीठात पृथ्वीच्या बालपणाचा विषय निघाला की धारवाडचे नाव निघते. त्याच काळात सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडास होते. रेल्वेच्या त्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज नांदले. म्हणजे येथील पोरांनी जेथे बसून काव्य आणि तर्कशास्त्र शिकले, तेथे एके काळी घाटातून रूळ नेण्याचे नकाशे पसरलेले असत.

धारवाडहून हुबळीस येताना जेमतेम वीस किलोमीटरांत जमिनीचा रंग पालटतो. पश्चिमेकडे तांबडी, मुरमाड, जांभ्याच्या जातीची जमीन. आणि पूर्वेस हुबळी ओलांडून नवलगुंद-नरगुंदच्या वाटेला लागले की काळीभोर कापसाची जमीन. आपले कन्नड शेजारी तिला 'एरे' म्हणतात. या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात आटली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतींना तिरप्या चिरा जाणे, फरश्या उचलणे, दारे चौकटीत अडकणे या आपल्या घरोघरच्या तक्रारींचे मूळ बहुधा तेथेच असते.

या मातीचा स्वभाव ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती करता येईल. वाळवून बारीक चाळणीने चाळलेली माती दहा दहा ग्रॅम घ्यावी. एक वाटा रॉकेल भरलेल्या मोजपात्रात आणि दुसरा ऊर्ध्वपातित पाणी भरलेल्या मोजपात्रात टाकावा. चोवीस तासांनी दोन्ही पात्रांतील मातीची उंची पाहावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतील फरकाचे रॉकेलमधील आकारमानाशी जे शेकडा प्रमाण, तोच त्या मातीचा मुक्त फुगवटा. तांबड्या मातीत फरक जवळजवळ दिसत नाही. काळ्या मातीत तो डोळ्यांत भरतो.

येथे प्राध्यापक आर. के. कट्टी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी काळ्या मातीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि एक उपाय सुचविला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसविला, तर खालचा फुगवटा आवरला जातो. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी भारतीय मानकांनी हा उपाय स्वीकारला. मातीवर मातीचाच उतारा, आणि तोही आपल्याच मुलुखात मिळणारा! परदेशी पुस्तकांत आपल्या जमिनीचे उत्तर नेहमीच सापडते असे नाही, हा त्यातील बोध मी कायम जवळ बाळगला आहे.

२. मुलांचे यंत्र

अमेरिकेतील एका बोगदे खणणाऱ्या कंपनीने २०२० साली विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. सुमारे अर्धा मीटर व्यासाचा आणि तीस मीटर लांबीचा बोगदा आपण घडविलेल्या यंत्राने खणायचा. गोगलगाय ही बोगदा खणणाऱ्या यंत्रापेक्षा चौदा पट वेगाने चालते, तेव्हा तिला हरवा, असे त्या कंपनीचे गमतीदार आव्हान होते. जगभरातून सुमारे ४०० अर्ज आले. अंतिम फेरीसाठी बारा संघ निवडले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये लास व्हेगास येथे अंतिम फेरी झाली. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचा संघ विजयी ठरला. त्याने खणलेली लांबी होती २२ मीटर. म्हणजे जो जिंकला, त्यालाही तीस मीटर पुरे करता आले नाहीत. हा आकडा आपण स्मरणात ठेवावा.

या स्पर्धेची बातमी वाचून आपल्या जोडशहरातील एका महाविद्यालयाच्या चौदा विद्यार्थ्यांनी आपणही असे यंत्र करावे असे ठरविले. स्पर्धेत जाण्याएवढा पैसा नव्हता. महाविद्यालयाच्या आवारातच बारा मीटर खणायचे, एवढाच संकल्प होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यातील तिघे माझ्याकडे आले. यंत्राचे आराखडे उत्तम होते. पुढे फिरते दातेरी चक्र, त्यामागे सुटलेली माती मागे ओढणारा मळसूत्री दांडा आणि सर्वांच्या मागे पोलादी नळ्या. तीन मीटर खोल खड्ड्यात जॅक बसवून नळीमागून नळी पुढे रेटायची. रस्ता न फोडता त्याखालून पाण्याची अगर विजेची वाहिनी नेण्यासाठी शहरांत हीच पद्धत वापरतात. यंत्राला त्यांनी 'एरेहुळ' असे नाव दिले होते. कन्नडमध्ये एरेहुळ म्हणजे गांडूळ. काळ्या एरेत शिरणारे पोलादी गांडूळ!

नाव ऐकून मला मौज वाटली, कारण या विद्येची परंपराच किड्यापासून सुरू होते. लंडनमध्ये थेम्स या नौकानयनाच्या नदीखालून जगातील तशा प्रकारचा पहिला बोगदा खणणारे मार्क ब्रुनेल यांना खणनकवचाची कल्पना जहाजाचे लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून सुचली, असे सांगतात. तो किडा पुढे पोखरतो आणि मागे आपल्या स्रावाने भोकाला अस्तर लावीत जातो. ते काम १८२५ साली सुरू झाले. नदी अनेकदा आत शिरली. बोगदा खुला होण्यास १८४३ साल उजाडले.

मुलांचे सर्व आराखडे पाहून झाल्यावर मी विचारले, "आणि जमिनीचा आराखडा?" त्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी गृहीत धरले होते की जमीन म्हणजे जमीन. यंत्राच्या प्रत्येक स्क्रूचे माप त्यांच्याजवळ होते. परंतु ज्यात ते यंत्र शिरणार, त्याविषयी एक ओळही नव्हती.

यात त्यांना दोष देता येणार नाही. पोलाद कारखान्यातून प्रमाणपत्रासह येते, सिमेंटच्या पोत्यावर प्रत छापलेली असते. जमीन तेवढी प्रमाणपत्रावाचून येते. तिची साक्ष आपणच काढावी लागते.

मास्तरांच्या पद्धतीने आम्ही प्रथम अदमास बांधला. अर्धा मीटर व्यासाच्या नळीचा परीघ सुमारे १.५७ मीटर, बारा मीटर लांबीस मातीला घासणारे क्षेत्र सुमारे १९ चौरस मीटर. दर चौरस मीटरला एक टन घर्षण धरले तर १९ टन रेटा लागेल. दोन टन धरले तर ३८. त्यांचा जॅक चाळीस टनांचा होता, परंतु जॅक ज्या भिंतीला पाठ टेकून रेटणार, ती भिंत तीस टनांच्या हिशेबाने आखली होती. म्हणजे माती कोणती आहे यावर सारे अवलंबून. त्या रात्री, मला वाटते, ही मुले यंत्रशास्त्राकडून भूशास्त्राकडे पहिले पाऊल चालली.

३. नकार

एप्रिल २०२३ पर्यंत आम्ही आखलेल्या मार्गावर तीन छिद्रे घेतली. पहिल्या टोकाला काळी माती सव्वादोन मीटरपर्यंत आणि खाली घट्ट मुरूम होता. मधल्या छिद्रातही जवळपास तसेच. तिसऱ्या छिद्रात मात्र चार मीटर गेले तरी मुरूम लागेना. काळ्या मातीत विटांचे तुकडे, राख आणि कुजलेला पाला येऊ लागला. छिद्रे घेण्यास आलेल्या वडार मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थाने ती माती हातावर चोळून पाहिली आणि म्हटले, "साहेब, ही जन्मलेली माती नव्हे, आणून टाकलेली आहे. इथे पाणी होते." चौकशी केली तेव्हा कळले की फार वर्षांपूर्वी तेथे एक लहानसे तळे होते आणि ते गाळाने व भरावाने बुजवून गेले. आपल्या हुबळी-धारवाडात तळ्यांना तोटा नव्हता. उणकल आणि केळगेरी आपण आजही पाहतो. परंतु कितीएक लहान तळी आणि विहिरी घरांखाली व रस्त्यांखाली गेल्या, त्यांचा एकत्रित नकाशा मला कोठे मिळाला नाही.

याचा अर्थ काय, तो थोडक्यात सांगतो. आधुनिक मृदायांत्रिकीचे जनक कार्ल तेर्झागी यांचे पायाभूत पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे मुख्य सूत्र असे की मातीवर पडणारा भार तिचे कण आणि कणांमधले पाणी मिळून वाहतात. परंतु मातीला बळ येते ते केवळ कणांनी वाहिलेल्या भारामुळे. पाण्याचा वाटा वाढला की वरचे वजन तेच असूनही मातीचे बळ घटते. म्हणून कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहणारी काळी माती पावसात खचते. त्यातून आमचे यंत्र अर्धे मुरमात आणि अर्धे भरावात शिरले असते. दातेरी चक्र नेहमी मऊ बाजूकडे ओढले जाते. यंत्राने नाक खाली घातले असते. वर महाविद्यालयाचा अंतर्गत रस्ता होता आणि त्याखाली पाण्याची मुख्य नळी. शिवाय तीन मीटर खोल खड्ड्याला फळ्या आणि आडवे टेकू लावण्याची तरतूद आराखड्यात नव्हती. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा असे आपली मानके सांगतात, आणि ते अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे. एक घनमीटर माती पावणेदोन-दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही.

मी म्हटले, मार्ग तीस मीटर बाजूला घ्यावा, तेथे पुन्हा छिद्रे घ्यावीत, खड्ड्याला आधार द्यावा आणि पावसाळा ओलांडून हिवाळ्यात खणावे.

हे सांगणे सोपे होते. ऐकणे सोपे नव्हते. चौदांपैकी नऊ विद्यार्थी शेवटच्या वर्षाचे होते. जूनमध्ये ते महाविद्यालय सोडणार होते. मेमध्ये प्रदर्शन ठरले होते, पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती. व्यवस्थापनातील एका जबाबदार गृहस्थांनी मला सौम्यपणे सुचविले की हा विद्यार्थ्यांचा प्रयोग आहे, सरकारी काम नव्हे; आपण तर स्वयंसेवक आहात, आपणावर कसली जबाबदारी येणार? मी उत्तर दिले की खड्ड्यात उतरणाऱ्या मुलाला वर उभा असलेला माणूस पगारी आहे की बिनपगारी याने फरक पडत नाही. तो एवढेच पाहतो की अनुभवी माणूस उभा आहे आणि काही बोलत नाही, म्हणजे उतरण्यास हरकत नसावी. माझे नुसते तेथे उभे राहणे हीच माझी सही होती. ती सही मी देणार नव्हतो.

विद्यार्थी थांबले. यंत्राचे प्रदर्शन जमिनीवरच झाले. चक्र हवेत फिरवून दाखविले. प्रदर्शन संपल्यावर संघाचा प्रमुख माझ्याजवळ आला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलेले खरे असेल. पण आमचे एक वर्ष तुम्ही घेतलेत." त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. त्याने दोन वर्षे झोप मोडून जे यंत्र घडविले, ते मातीत शिरताना त्याला पाहता आले नाही. या वाक्याला उत्तर नाही, आणि मी दिलेही नाही.

यापुढची गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मूळ जागेवर दीड मीटरपेक्षा कमी खोलीचा एक परीक्षेचा खड्डा आम्ही कुंपण घालून पावसाळाभर उघडा ठेवला होता. तो खचेल आणि मुलांना धडा मिळेल, अशी कथेची अपेक्षा असते. खड्डा खचला नाही. २०२३ साली पाऊसच कमी झाला. कर्नाटकातील बहुसंख्य तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. ऑक्टोबरात खड्ड्याच्या कडा जवळजवळ तशाच उभ्या होत्या. एका विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, आपण थांबलो कशासाठी?"

बंधुभगिनींनो, आमच्या व्यवसायाचे दुःख याच प्रश्नात आहे. वैद्याने वाचविलेला रोगी चालत घरी जातो. वकिलाने सोडविलेला माणूस हात जोडतो. न घडलेल्या अपघाताला मात्र चेहरा नसतो. एका कोरड्या वर्षात माती उभी राहिली, एवढ्यावरून ती उभी राहणारच होती असे सिद्ध होत नाही. आणि ती पडली असती असेही मला सिद्ध करता येत नाही. सावधगिरीचा दाखला मागू नये. तिचा हिशेब आधी मांडावा आणि मग त्यावर ठाम राहावे, एवढेच माणसाच्या हाती असते.

४. ज्यांनी वाट खोदली

हा प्रश्न मनात घोळत असतानाच १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, उत्तराखंडात सिल्क्यारा येथील बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार पलीकडे अडकले. त्यांना बाहेर काढण्यासाठी जी पद्धत अवलंबिली, ती आमच्या मुलांना अगदी ओळखीची होती: राडारोड्यातून पोलादी नळ्या रेटणे. नळ्या प्रथम ९०० मिलिमीटर व्यासाच्या, पुढे ८०० मिलिमीटरच्या. शक्तिशाली यंत्र लोखंडी कांबींत अडकून मोडले आणि उरलेले सुमारे दहा-बारा मीटर नळीत शिरून हातांनी खणणाऱ्या कामगारांनी पूर्ण केले. २८ नोव्हेंबरला, सतराव्या दिवशी, सर्व ४१ जण सुखरूप बाहेर आले. ते सतरा दिवस आमच्या कार्यशाळेत दुसरा विषय नव्हता. मी काही शिकविण्याची गरज उरली नाही. जमिनीने यंत्र कसे अडविले आणि शेवटी काम कोणाच्या हातांनी झाले, ते सर्वांनी पाहिले.

आपल्या मुलुखाला हा धडा पूर्वीच मिळालेला आहे. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा घाटातील लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. दूधसागरच्या धबधब्यापाशी गाडी बोगद्यांतून शिरते-निघते तेव्हा आपण लहानपणी ओरडत असू. तेथला खडक कठीण, पण भरवशाचा. याउलट कोकण रेल्वेचे पाहा. सुमारे ७४० किलोमीटरांच्या त्या मार्गावर नव्वदीहून अधिक बोगदे आहेत. सर्वांत लांब करबुडे, साडेसहा किलोमीटर. कठीण खडकातील बोगदे नव्या यंत्रांनी झपाट्याने झाले. वेळ घेतला तो मऊ मातीतील नऊ बोगद्यांनी. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत यंत्रे चालेनात. हातांनी इंच इंच खणावे लागले, खणलेले पुन्हा ढासळे. त्या नऊ बोगद्यांनी चार वर्षे आणि १९ माणसांचे प्राण घेतले. शेवटी पेडण्याचा बोगदा पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याच पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये काही मीटर कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून गाड्या थांबल्या. माती एकदा जिंकली म्हणजे कायमची जिंकली, असे होत नाही.

सामान्य समज असा की खडक अवघड आणि माती सोपी. बोगद्याच्या कामात बरेचदा उलटे असते. खडक कष्ट मागतो. माती लक्ष मागते.

५. नऊ मीटर चाळीस सेंटीमीटर

जानेवारी २०२४ मध्ये, नव्या मार्गावर, उरलेल्या पाच आणि नव्याने आलेल्या आठ विद्यार्थ्यांनी खणण्यास प्रारंभ केला. नियम त्यांनीच लिहून खड्ड्याच्या कडेला लावले होते. नळीत कोणीही माणूस शिरणार नाही. आधार तपासल्यावाचून खड्ड्यात कोणी उतरणार नाही. रस्त्यावर रोज दोनदा पातळी मोजली जाईल. आणि रेटा २८ टनांवर गेला की काम थांबेल. त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही.

नळी आणि माती यांमधील घर्षण कमी करण्यासाठी बेंटोनाइटचा पातळ राबडा सोडतात. आपणांस गंमत वाटेल, हे बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तेच मॉन्टमोरिलोनाइट, जे आपल्या घरांच्या भिंती चिरते. पाणी पिऊन फुगण्याचा आणि बुळबुळीत होण्याचा जो गुण पायाखाली शत्रू, तोच नळीभोवती मित्र. गुण मातीचा, मित्र की शत्रू हे आपण तिला कोठे ठेवतो यावर ठरते.

अकरा दिवस काम चालले. मुरूम बेंटोनाइटचे पाणी शोषून घेई; नवव्या मीटरनंतर घर्षण वाढू लागले. जॅकच्या झडपेवर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, नवलगुंदकडच्या शेतकरी घरातली. भोवती प्राध्यापक होते, मित्र होते, दोन वृत्तपत्रांचे प्रतिनिधी होते, मीही होतो. बारा मीटर पुरे होण्यास दोन मीटर साठ सेंटीमीटर उरले होते. दाबमापकाचा काटा २८ वर आला. तिने कोणाकडे पाहिले नाही. झडप बंद केली आणि वहीत वेळ लिहिली.

नंतर आम्ही हिशेब केला. ९.४० मीटर लांबीस घासणारे क्षेत्र पावणेपंधरा चौरस मीटर. म्हणजे घर्षण दर चौरस मीटरला जवळजवळ १.९ टन. आमच्या अदमासाच्या वरच्या टोकाशी ते जुळले. रस्त्याची पातळी चार मिलिमीटरपेक्षा जास्त खचली नाही. बारा मीटर झाले नाहीत म्हणून काही जण हिरमुसले. मला विचाराल तर त्या प्रकल्पाचे खरे फलित ती बंद केलेली झडप होती. अधिक जाड भिंत आणि अधिक बेंटोनाइट यांनी उरलेले अंतर पुढे कोणीही खणू शकेल. सर्वांच्या नजरा खिळलेल्या असताना आपल्या हाताने आपले काम थांबविणे हे अधिक दुर्मीळ.

पहिल्या तुकडीतील नऊ जणांना मात्र हे पाहता आले नाही. त्यांच्यापैकी काहींनी दूरध्वनीवरून अभिनंदन केले; संघप्रमुखाचा दूरध्वनी आला नाही. त्याने तो करावा अशी माझी अपेक्षाही नाही. योग्य निर्णयाची किंमत कधी कधी ज्याने निर्णय घेतला त्याच्याऐवजी दुसरेच कोणी चुकविते. ती किंमत नाकारू नये, आणि तिच्या भीतीने निर्णयही बदलू नये.

६. काही विनंत्या

समारोपाकडे वळतो. या सभागृहात अनेक माजी विद्यार्थी आहेत. कोणी अभियंते, कोणी वैद्य, कोणी वीजतज्ज्ञ, कोणी हिशेबनीस. आपल्यातील पुष्कळांना निवृत्तीनंतर तरुणांसाठी काही करावे असे वाटते. माझी पहिली विनंती त्यांना आहे. विद्यार्थ्यांच्या कामात जरूर जा. परंतु पाहुणे म्हणून जाऊ नका. फीत कापून परतणाऱ्यांची वाण नाही. जो आरंभी प्रश्न विचारील, मध्ये कंटाळून निघून जाणार नाही आणि प्रसंगी नाही म्हणण्याची अप्रीती पत्करील, असा माणूस त्यांना हवा असतो. पगार घेतला नाही म्हणून सल्ल्याचे वजन कमी होत नाही. उलट, ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्याने तरी स्पष्ट बोलले पाहिजे.

दुसरी विनंती विद्यार्थिमित्रांना. आपापल्या अंगणातील मूठभर माती आणा आणि मघाशी सांगितलेली दोन मोजपात्रांची परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. केशवापूरची माती, विद्यानगरची माती, धारवाडच्या टेकडीवरची माती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच गावात किती गावे आहेत, ते चोवीस तासांत कळेल.

तिसरी विनंती शाळेला. बुजलेल्या त्या तळ्याची नोंद आम्हांस कोणत्याही कागदावर मिळाली नाही. ती एका वृद्ध कामगाराच्या हाताला ठाऊक होती. अशी माणसे आता थोडी राहिली आहेत. शाळेने एक वही घालावी. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना, गल्लीतील वडीलधाऱ्यांना, गवंड्यांना आणि विहीर खणणाऱ्यांना विचारावे: येथे विहीर कोठे होती, तळे कोठे होते, ओढा कोणीकडून वाहत असे, भराव कधी पडला? उत्तर मराठीत आले, कन्नडमध्ये आले, उर्दूत आले, तरी जसेच्या तसे उतरावे आणि पुढे जागा दाखविणारा साधा नकाशा काढावा. पुढच्या काळात या शहरात पायाही खणले जातील आणि बोगदेही. तेव्हा कोणा अभियंत्याला ही वही उघडता यावी. पहिल्या पानासाठी त्या तळ्याची जागा, खोली आणि छिद्रांचे तपशील मी लिहून आणले आहेत; ते मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.